सिरोटोनिन कमी नव्हतं, म्हणून गोळी खोटी?

"ताई, हे वाचलंस का? सगळा फ्रॉड निघाला." एवढंच लिहून मावसभावाने मला एक पोस्ट पाठवली. त्यात काय होतं ते एव्हाना बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलंय: डिप्रेशन हे सिरोटोनिन नावाचं मेंदूतलं केमिकल कमी झाल्यामुळे होतं याला पुरावाच नाही, आता शास्त्रज्ञच तसं म्हणतायत, म्हणजे इतकी वर्षं लोकांना उगाच गोळ्या चारल्या. तो स्वतः दीड वर्ष गोळी घेत होता आणि बरा होता, म्हणजे झोपत होता, कामावर जात होता, फोन उचलत होता. त्याच रात्री त्याने स्ट्रिप ड्रॉवरमध्ये टाकली. चौथ्या दिवशी फोन आला, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय, नुसते डोळे उजवीकडून डावीकडे नेले तरी झटका, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, आणि रडू येतंय तेही कशाचं ते कळत नाही. "औषध खोटं असतं तर असं झालं असतं का गं?" हे त्यानेच विचारलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर, जरा उशिरा आणि जरा लांबलचक.

आधी माझं म्हणणं सांगून टाकते. हा वाद दोन्ही बाजूंनी वाईट घातला जातोय. एक बाजू म्हणते सिरोटोनिनची थिअरी पडली, म्हणजे गोळ्या पडल्या. दुसरी बाजू म्हणते डिप्रेशन म्हणजे अगदी डायबेटिससारखं, तिथे इन्सुलिन कमी, इथे सिरोटोनिन कमी, गोळी घ्या आणि फार विचार करू नका. गंमत अशी की दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतायत: गोळी खरी असायची तर मेंदूत काहीतरी कमी पडलेलं असायलाच हवं आणि गोळीने ते भरून काढायला हवं. हे गृहीतकच चुकीचं आहे. आजार कशामुळे होतो हा एक प्रश्न, औषधाने फरक पडतो का हा दुसरा प्रश्न, आणि पहिल्याचं उत्तर चुकलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप चुकत नाही. मानसिक आजारांच्या गोळ्या कमतरता भरत नाहीत, त्या पेशीपेशींमधल्या बोलण्यात हात घालतात. हे सरळ सांगितलं असतं तर माझ्या भावाने ती पोस्ट वाचून खांदे उडवले असते.

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करू. जुलै २०२२ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांचा एक मोठा आढावा 'मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री' या शोधपत्रिकेत आला. रक्तातलं आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवातलं सिरोटोनिन आणि त्याचे उरलेसुरले घटक, रिसेप्टर (केमिकल जाऊन बसतं ती पेशीवरची जागा), ट्रान्सपोर्टर (ते परत पेशीत ओढणारे पंप), जीन्स, आहारातून ट्रिप्टोफॅन, म्हणजे सिरोटोनिनचा कच्चा माल, काढून टाकल्यावर मूड पडतो का, या सगळ्यांवरचं आधीचं संशोधन त्यांनी एकत्र बघितलं आणि निष्कर्ष काढला की डिप्रेशन सिरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला सुसंगत आधार मिळत नाही. यावर बऱ्याच तज्ज्ञांची प्रतिक्रिया होती, 'यात नवीन काय, हे आम्हाला केव्हापासून माहीत होतं.' मला ही प्रतिक्रिया त्या आढाव्यापेक्षा जास्त खटकली. माहीत होतं ना? मग कोणाला सांगितलंत? जाहिरातींमध्ये, माहितीपत्रकांत, तपासणीच्या पाच मिनिटांत 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' हेच वाक्य वर्षानुवर्षं फिरत होतं तेव्हा आतल्या खोलीत सत्य माहीत असून काय उपयोग? लोकांना फसवल्यासारखं वाटलं तर तो त्यांचा मूर्खपणा नाहीये. पण त्या आढाव्याने जे तपासलंच नाही तेही बघा: गोळ्यांनी लोकांना बरं वाटतं की नाही हा त्याचा विषयच नव्हता. पोस्ट लिहिणाऱ्याने मात्र उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

ही थिअरी आली कुठून हे बघितलं की निम्मा गोंधळ मिटतो. आपल्याला वाटतं आधी आजाराचं कारण सापडलं, मग त्यावर औषध शोधलं. झालं नेमकं उलटं. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंट्सना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते, तर ही आजारी माणसं एकदम उल्हसित व्हायला लागली, वॉर्डात नाचायला लागली, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की फुफ्फुसाच्या औषधाने मूडचं काहीतरी होतंय. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून इमिप्रामिन तपासत होते ते स्किझोफ्रेनियासाठी, त्यावर ते फारसं चाललं नाही, पण डिप्रेशनवर चाललं. क्लोरप्रोमाझिन ऑपरेशनच्या वेळी वापरायचं म्हणून सर्जन ओंरी लाबोरी यांच्या हाती आलं आणि १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी ते सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या, पेशंट्सना दिलं. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियम वापरलं, तेही गिनीपिगवरच्या भलत्याच कल्पनेतून. म्हणजे औषधं योगायोगाने सापडली, चांगल्या नजरेच्या माणसांनी ती टिपली, आणि 'ही काम का करतात' हा प्रश्न नंतर आला. मग कळलं की इप्रोनियाझिड मोनोअमाइन्स (सिरोटोनिन, नॉरअॅड्रिनलिन, डोपामिन ही केमिकल्स ज्या कुळातली ते) मोडणारं एन्झाइम थांबवतं, इमिप्रामिन त्यांना पेशीत परत जाऊ देत नाही, आणि सर्पगंधेतून काढलेलं रेसर्पिन, जे बीपीसाठी द्यायचे, ते मोनोअमाइन्सचे साठे रिकामे करतं आणि काही जण त्यावर उदास झाल्याच्या नोंदी होत्या. जोडा दोन आणि दोन. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रिनलिनची थिअरी मांडली, १९६७ मध्ये कोपेन यांनी सिरोटोनिनकडे बोट दाखवलं. शिल्डक्राउट यांनी त्याच पेपरात बजावलं होतं की हे फार तर एका गुंतागुंतीच्या गोष्टीचं अतिसुलभीकरण आहे. ते वाक्य पुढे फारसं कोणी उचललं नाही. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रोझॅकला, सिरोटोनिनवर काम करणाऱ्या डिप्रेशनच्या गोळीला, मान्यता मिळाली, आणि त्यानंतर सुतावरून जो स्वर्ग गाठला गेला तो आपल्यासमोर आहे.

बरं, असं वाटणं तेव्हा अगदीच वेडेपणाचं होतं का? नाही, आणि हे लोक विसरतात. कारण अगदी तेव्हाच पार्किन्सनमध्ये नेमकी हीच गोष्ट खरी निघाली होती. आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं की रेसर्पिनने मलूल पडलेले प्राणी एल-डोपा (शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते) दिल्यावर परत हलायला लागतात, मग १९६० मध्ये एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना पार्किन्सनने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच कमी सापडलं, आणि लगेच पुढच्या वर्षी पेशंट्सना एल-डोपा टोचलं तर जखडलेली माणसं उठून बसली. तिथे कमतरता मोजता आली, मेलेल्या पेशी दाखवता आल्या, आणि औषध खरोखर ती कमतरता भरत होतं. एका दारात किल्ली इतकी सुरेख लागली की शेजारच्या दाराला तीच लागणार असं वाटणं साहजिक होतं. फक्त शेजारचं दार उघडलं ते त्या किल्लीने नाही.

मग गोळी करते काय? इथे जरा जवळ जाऊन बघू, कारण या वादात सगळे सिरोटोनिन हा शब्द वापरतात आणि ते असतं कुठे, करतं काय हे क्वचितच कोणी सांगतं. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सिरोटोनिन आतड्यात असतं, मेंदूत थोडंच, आणि ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात एका पट्ट्यात बसलेल्या असतात, तिथून त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरतात. एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा हजारो फटी बसतील. विजेचा सिग्नल धाग्याच्या टोकाशी येतो, तिथे कॅल्शियम आत शिरतं, बारीक बारीक फुगे पेशीच्या कडेला येऊन फुटतात, त्यातले हजारो रेणू फटीत सांडतात आणि एका मिलिसेकंदाच्याही आत पलीकडच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. मग आवराआवर: पहिल्या पेशीवर ट्रान्सपोर्टर नावाचे पंप असतात, ते सांडलेलं सिरोटोनिन परत आत ओढून घेतात. माझा भाऊ घेत होता त्या प्रकारची गोळी या पंपात अडकून बसते. बस, एवढंच. सिरोटोनिन फटीत जरा जास्त वेळ रेंगाळतं. यात 'कमी होतं ते भरलं' असं कुठे आहे? ते आधी कमी होतं, बरोबर होतं की जास्त होतं, गोळीला काही घेणंदेणं नाही. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं डोपामिनच्या डी२ रिसेप्टरवर जागा अडवून बसतात. डायझेपामसारखी झोपेची-चिंतेची औषधं गाबाच्या, म्हणजे पेशींना शांत करणाऱ्या केमिकलच्या, रिसेप्टरला चिकटून त्याचं दार जास्त वेळा उघडायला लावतात, आणि ती मेंदूत नेमकी चिकटतात ती जागा डायझेपामच्या चुलतभावंडांना बाजारात येऊन १७ वर्षं झाल्यावर, १९७७ मध्ये सापडली. तोपर्यंत लोक काय त्या गोळ्यांनी झोपत नव्हते?

पेशी केमिकलने बोलतात हेही सहज मान्य झालेलं नाही बरं का. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाचं एक हृदय मज्जातंतूने मंद केलं, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर ओतलं आणि तेही मंदावलं, तरी पुढची तीस वर्षं 'मेंदूत मात्र सगळं विजेनेच चालतं' म्हणणारा मोठा गट होता. त्यातले बिनीचे जॉन एकल्स. १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगात आकडा उलटा आला आणि हा माणूस सरळ म्हणाला की मी चुकलो, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पुढे १९६३ चं नोबेल घेऊन आला. आजच्या वादात एवढं कोणी केलेलं मला तरी दिसलं नाही, ना गोळीवाल्यांनी ना गोळीविरोधकांनी.

आता 'कमी होतं ते भरलं' या गोष्टीला खरा सुरुंग लावणारी गोष्ट, आणि ती गोळ्यांच्या माहितीपत्रकांत सहसा लिहिलेली असते: परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. का? पंप तर काही तासांतच अडतात. स्कॅनमध्ये दिसतं की नेहमीच्या डोसला मेंदूतले जवळपास ८० टक्के पंप अडलेले असतात. पी हळद आणि हो गोरी एवढाच मामला असता तर संध्याकाळपर्यंत माणूस हसायला हवा. पण होतं असं की सिरोटोनिन वाढलं की ते बनवणाऱ्या पेशीवरचा तिचा स्वतःचा ब्रेक दाबला जातो आणि ती बोलणं कमी करते. दोन-तीन आठवडे हा दाब चालू राहिला की तो ब्रेक ढिला पडतो, पलीकडच्या पेशी आपल्या रिसेप्टरची संख्या बदलतात, आतली जीन्स चालू-बंद होतात, जोडण्यांची लवचिकता वाढते. गोळी ढकलते, आणि मेंदू त्या ढकलण्याशी जुळवून घेतो. आपल्याला जो परिणाम जाणवतो तो बराचसा या जुळवून घेण्याचा असतो. आणि म्हणूनच भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं, की डोक्यातले करंट हा औषध 'खरं' असल्याचा पुरावा नाही, दारू सोडल्यावरही हात थरथरतात, तो फक्त मेंदूने जुळवून घेतलं होतं याचा पुरावा आहे. टेकून उभं राहिलेल्या माणसामागची भिंत एकदम काढली तर तो पडणारच, त्यावरून भिंत चांगली होती की वाईट ते ठरत नाही.

शिवाय गोळ्यांचं जग सिरोटोनिनवर संपत नाही. टायानेप्टिन नावाचं डिप्रेशनचं औषध आहे, त्याच्याबद्दल बरीच वर्षं असं मानलं जायचं की ते सिरोटोनिन परत ओढायचं काम उलट वाढवतं, म्हणजे थिअरीप्रमाणे माणूस अजून खचायला हवा होता, आणि औषध तर डिप्रेशनवर चालत होतं. (नंतर कळलं ते वेगळ्याच रिसेप्टरवर, अफूवाल्या, काम करतं.) केटामिन ग्लुटामेट नावाच्या वेगळ्याच केमिकलच्या वाटेने जातं आणि आठवड्यांऐवजी काही तासांत फरक दाखवतं, त्याच्या भावंडाला, एस्केटामिनला, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. एकाच ठिकाणी पोचणाऱ्या इतक्या वाटा असतील तर 'अमुक एक केमिकल कमी' ही गोष्ट टिकतच नाही, आणि तरी ती पडल्याने यातल्या एकाही औषधाचा परिणाम नाहीसा होत नाही.

थिअरी चूक आणि उपाय बरोबर, असं कधी झालंय का? स्कर्व्हीचं बघा, व्हिटॅमिन सी न मिळाल्याने हिरड्या सुजून रक्त येणारा खलाशांचा जुना आजार. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी सॅलिसबरी जहाजावर १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय, आणि संत्री-लिंबं खाणारी जोडी झपाट्याने सुधारली. का सुधारली याबद्दल लिंड यांच्या कल्पना आज वाचल्या तर हसू येतं, घाम अडणं, शरीर सडणं वगैरे. १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सुरू केला आणि स्कर्व्ही जवळजवळ संपली. पुढे मत असं बनलं की गुण आंबटपणात आहे, आणि आंबटच हवं तर काय फरक पडतो म्हणून १८६० च्या दशकात भूमध्य सागराकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी हिरवी लिंबं घेतली, रस तांब्याच्या नळ्यांतून काढला, महिनोन्महिने साठवला. आंबट तो होताच, पण व्हिटॅमिन सी त्यात नावालाच उरलं होतं. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परत आली. आणि मग तज्ज्ञ काय म्हणाले असतील? की रस चुकला? नाही, बरेच जण म्हणाले लिंबाचंच काही खरं नसावं, दोष नासलेल्या मांसाचा असेल. व्हिटॅमिन सी ओळखलं गेलं ते १९३२ मध्ये. या गोष्टीत दोन्ही बाजूंना चपराक आहे. 'आंबटपणाची थिअरी खोटी, म्हणजे लिंबू खोटं' म्हणणारे आजही आहेत. आणि 'थिअरी चुकीची असली म्हणून काय बिघडलं, लोकांना समजायला सोपी आहे ना' म्हणणाऱ्यांनीही बघावं, चुकीची थिअरी मनात धरली की चांगला उपायसुद्धा हातून बिघडतो.

गोळीविरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा थिअरीचा नाहीच मुळी, तो आकड्यांचा आहे, आणि मला वाटतं त्यांनी तोच लावून धरायला हवा होता. डिप्रेशनच्या गोळीत आणि प्लासिबोत, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीत, सरासरी फरक लहान आहे. २०१८ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या विश्लेषणात ५२२ ट्रायल्स, एक लाख सोळा हजारांवर माणसं, २१ औषधं, सगळीच्या सगळी प्लासिबोपेक्षा सरस निघाली खरी, पण फरक माफकच. त्यात कंपन्यांची लपवाछपवी: २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) नोंदलेल्या ७४ ट्रायल्स आणि छापून आलेले पेपर शेजारी ठेवले, तर चांगल्या निकालाच्या ३८ पैकी ३७ छापल्या होत्या, आणि बाकीच्या ३६ पैकी २२ छापल्याच नव्हत्या, ११ छापल्या त्या चांगल्या वाटतील अशा, फक्त तीन जशाच्या तशा. हे वाचून ज्याला संताप येत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

पण माफक सरासरीचा अर्थ काय लावायचा? सगळ्यांना थोडं थोडं बरं वाटतं असा? एफडीएकडच्याच ट्रायल्समधली त्र्याहत्तर हजारांवर माणसांची माहिती २०२२ मध्ये एकेका माणसाच्या पातळीवर तपासली गेली, तेव्हा चित्र असं दिसलं की बऱ्याच जणांना प्लासिबोइतकाच फरक पडतो, आणि साधारण १५ टक्के लोकांना त्याच्या पलीकडचा, भरघोस फायदा होतो. म्हणजे सातातल्या एकाला खूप, आणि तो एक कोण हे आधी ओळखता येत नाही. बाकीच्यांपैकी पुष्कळ जणांचं बरं होणं हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशातलं, आजार आपला आपण ओसरला, किंवा कोणीतरी ऐकून घेतलं, किंवा विश्वास बसला. हे कबूल करायला गोळीवाल्यांना जड जातं. पण सातातला तो एक जण काय म्हणून विसरायचा? ज्याला तीन महिन्यांत पहिल्यांदा अंघोळ करावीशी वाटली त्याला जाऊन सांगायचं का की सरासरी फार नाही हो?

मॉनक्रीफ यांचा आणखी एक युक्तिवाद आहे आणि तो लोक पोस्टमध्ये घालत नाहीत, कारण त्याला थोडा विचार लागतो. त्या म्हणतात, ही औषधं आजार दुरुस्त करत नाहीत, ती कोणाच्याही मेंदूत एक वेगळी अवस्था निर्माण करतात, भावना बोथट करतात, आणि त्या अवस्थेत त्रास कमी जाणवतो, लाजाळू माणूस दोन पेग घेऊन बोलका होतो तसं. मला यातला अर्धा भाग पटतो. गोळी आजारी आणि निरोगी बघत नाही, पंप दोघांचेही अडवते. आणि बोथटपणाही खरा आहे, 'ताई, मला वाईट वाटत नाही पण गाणं ऐकून पूर्वीसारखा काटाही येत नाही' हे मी भावाच्या तोंडून ऐकलंय. पण यातून गोळी फेकून द्या हे निघतं कसं? निघतं एवढंच, की ती अवस्था या माणसाला, या काळात, किमतीला परवडते का ते बघा. ते बघायला परत ट्रायल्सच लागतात. २०२१ ची एक ट्रायल आहे, दीर्घकाळ गोळी घेऊन बरं वाटणाऱ्या ४७८ लोकांपैकी निम्म्यांची गोळी हळूहळू गुपचूप प्लासिबोने बदलली, वर्षभरात बदललेल्यांपैकी ५६ टक्के परत आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. विरोधक म्हणतील यातले काही गोळी सुटल्याच्या त्रासाने आजारी वाटले असतील, बरोबर, असतीलच. पण हेही बघा की गोळी सुटूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. हा आकडा 'आयुष्यभर घ्यावीच लागेल' म्हणणाऱ्यांनी भिंतीवर लावावा.

आणि एक तक्रार. सिरोटोनिनचा वाद ऐकून लोक सगळ्याच गोळ्यांना झोडपतात, साप म्हणून भुई धोपटणं चाललंय. लिथियमचा सिरोटोनिनच्या थिअरीशी काय संबंध? बायपोलरमध्ये ते पुन्हापुन्हा येणारे झटके रोखतं हे दशकांच्या अनुभवाने आणि ट्रायल्सने दाखवलंय, ते नेमकं कसं यावर अजून चर्चा चालू आहे, आणि म्हणून कोणी शहाणा माणूस ते टाकून देत नाही. स्किझोफ्रेनियात डी२ रिसेप्टर साधारण ६५ ते ८० टक्के अडले की औषध लागू पडतं, त्यापुढे गेलं की अंग आखडतं, हात कापतात. हे इतकं नेटकं वाटतं तोवर क्लोझापिन समोर येतं, ते डी२ त्यामानाने कमी अडवतं आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्यांवर सगळ्यात जास्त चालतं, पण पांढऱ्या पेशी घातकरीत्या घटू शकतात म्हणून नियमित रक्त तपासावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तर अमेरिकेत झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियमची जोडगोळी मान्य झाली, ती डोपामिनच्या रिसेप्टरला हातच लावत नाही. अशा औषधांवर असलेला कोणी भावाने वाचली तसली पोस्ट वाचून स्ट्रिप ड्रॉवरमध्ये टाकतो तेव्हा करंट बसण्यावर भागत नाही.

राहिले 'केमिकल इम्बॅलन्स'वाले. त्यांचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. 'मनाचे खेळ आहेत, जरा खंबीर हो' असं ऐकून ऐकून पिचलेल्या माणसाला 'तुझा दोष नाही, मेंदूतलं केमिकल आहे' हे ऐकून पहिल्यांदा रडू येतं, सुटल्यासारखं वाटतं. पण याची किंमत कोणी मोजली? केमिकल म्हटल्यावर दोष गेला, पण खोट आली, आणि दोष माफ होतो, खोट कायमची राहते. 'माझा मेंदूच असा आहे' असं मानणारा माणूस स्वतः बरा होईल यावर कमी विश्वास ठेवतो. आणि इन्सुलिनची उपमा तर धड लागतही नाही: साखर रक्तात मोजता येते, डोस त्यावर ठरतो. डिप्रेशनसाठी सिरोटोनिन मोजून गोळी लिहून दिलेली कोणी पाहिलीये का? ज्या गोष्टीची टेस्ट कधी केलीच नाही तिचा रिपोर्ट मात्र तोंडी दिला जातो.

पेशींच्या बोलण्यात हात घालणारं औषध, एवढं म्हटलं की काय बदलतं? सगळ्यात मोठा फरक गोळी बंद करताना पडतो. कमतरता भरणारं औषध असतं तर ते थांबवल्यावर पुन्हा कमतरता, म्हणजे पुन्हा आजार, बस. त्यामुळे कितीतरी वर्षं करंट, चक्कर, रडू हे सगळं 'आजार परत आला, बघा, गोळी लागतेच' या खात्यात टाकलं गेलं, आणि ज्यांनी तक्रार केली त्यांना वेड्यात काढलं. २०२४ च्या एका विश्लेषणात गोळी सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना त्रास झाला आणि प्लासिबो सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना, म्हणजे साधारण सहा-सातातल्या एकाला औषध सुटल्यामुळे, आणि पस्तिसातल्या एकाला जबर. हे आकडे 'सगळ्यांचं आयुष्य उद्ध्वस्त होतं' म्हणणाऱ्यांनाही सोयीचे नाहीत आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनाही. शिवाय त्या पंपांचा हिशोब सरळ नसतो, डोस निम्मा केला म्हणून अडलेले पंप निम्मे होत नाहीत, वरचा डोस कमी करताना फारसा फरक पडत नाही आणि शेवटच्या छोट्या तुकड्यावरून शून्यावर येताना कडा कोसळल्यासारखं होतं. म्हणून गोळी सोडायची तर शेवटच्या पायऱ्या सगळ्यात छोट्या हव्यात, आणि डॉक्टरला सांगून. कमतरतेच्या गोष्टीतून हे कधीच सुचलं नसतं. फटीत काय चाललंय ते बघणाऱ्याला सुचलं.

भाऊ परत गोळीवर गेला, दोन दिवसांत करंट थांबले. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, मीही सोबत होते. त्याने आत शिरल्या शिरल्या तेच विचारलं, "डॉक्टर, माझं सिरोटोनिन कमी होतं की नव्हतं?" बाईंनी लेटरपॅडच्या मागच्या बाजूला दोन गोळे काढले, मध्ये फट, फटीत ठिपके. म्हणाल्या, ते आम्ही मोजलं नव्हतं, मोजता येतही नाही, गोळी इथे बसते आणि एवढं करते, पुढचं तुमचा मेंदू करतो, तुम्हाला त्याने फायदा झाला असं तुम्हीच सांगताय तर सहा महिने राहू दे, मग आपण एकेक पायरी उतरू. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. आता शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे, गोळी तोडून जमत नाही इतका डोस छोटा झालाय म्हणून पातळ औषध सिरिंजने मोजून घेतो, आणि परवा फोनवर म्हणाला की गाणं ऐकताना परत काटा आला, पण झोप जरा बिघडलीये, तर अजून एक महिना इथेच थांबतोय.